दातांना तार लावण्याआधी: दोष ओळखा, वय बघा, मग खर्च विचारा

एकाच इमारतीतल्या दोन मुलींच्या दातांवर सारखीच दिसणारी तार असते. एकीच्या घरच्यांनी ४०,००० रुपये दिलेले असतात, दुसरीच्या घरच्यांनी ९०,०००. बोलता बोलता आकडे कळतात आणि जास्त देणाऱ्यांना वाटतं, आपल्याला लुटलं. बहुतेक वेळा दोन्ही रकमा वाजवी असतात. पहिलीचे फक्त पुढचे चार दात दाटीमुळे वाकडे झालेले असतात. दुसरीचा खालचा जबडाच मागे राहिलेला असतो, त्यासाठी तारेआधी वर्षभर वेगळं उपकरण वापरावं लागलेलं असतं. बाहेरून दिसते ती तार आणि दातांवर चिकटवलेले छोटे ब्रॅकेट, या सामानाची किंमत हा बिलातला लहान हिस्सा. खरा खर्च ठरतो तो दोष कोणता, तो दातांत आहे की हाडांत, आणि मूल डॉक्टरांकडे कोणत्या वयात पोचलं यावर. म्हणून दर विचारण्याआधी दोष समजून घ्यायला हवा.

दाढा जुळतात का?

डॉक्टर केसपेपरवर ‘क्लास वन’, ‘क्लास टू’, ‘क्लास थ्री’ असं काहीतरी लिहितात. ही विभागणी अमेरिकेतले दंतवैद्य एडवर्ड अँगल यांनी १८९९ मध्ये मांडली आणि सव्वाशे वर्षांनंतरही तीच वापरात आहे. सहाव्या वर्षाच्या सुमारास दुधाच्या दाढांच्या मागे जी पहिली कायमची दाढ येते, तिच्यावर सगळा हिशेब आहे. तोंड मिटल्यावर वरच्या दाढेचा पुढचा बाहेरचा उंचवटा खालच्या दाढेच्या खाचेत बसायला हवा. तो बसतो, पण पुढचे दात वेडेवाकडे आहेत किंवा त्यांच्यात फटी आहेत, तर क्लास वन. खालची दाढ मागे राहिली तर क्लास टू, पुढे सरकली तर क्लास थ्री.

क्लास वन सर्वांत जास्त आढळतो आणि साधारणपणे त्याचा खर्चही सर्वांत कमी असतो. जबडा लहान, दात मोठे, किंवा दुधाच्या दाढा किडून वेळेआधी काढाव्या लागल्या आणि मागची दाढ पुढे कलली, की कायमच्या दातांना जागा उरत नाही. वरचा सुळा पुढच्या दातांत सर्वांत शेवटी, अकराव्या-बाराव्या वर्षी येतो, त्यामुळे जागेअभावी बाहेर ढकलला जातो तो बहुधा तोच. दाटीतल्या दातांचं नुकसान हळू होतं. एकावर एक चढलेल्या दातांच्या बेचक्यात ब्रश पोचत नाही, तिथे दगड साचतो, ब्रश करताना हिरडीतून रक्त येतं, दोन दातांच्या मधून कीड लागते. बाहेर ढकललेल्या दातावरची हिरडी पातळ असते. ती कालांतराने मागे सरकते आणि मूळ उघडं पडतं.

क्लास टूचे दोन प्रकार आहेत आणि त्यातला एकच लोकांना दिसतो. पहिल्यात वरचे दात पुढे येतात. वरच्या आणि खालच्या पटाशीच्या दातांमध्ये २ ते ३ मिलिमीटर आडवं अंतर असणं ठीक आहे. अंतर त्याहून जास्त असलं की पडझडीत पुढचा दात तुटण्याचा धोका साधारण दुपटीने वाढतो. खेळताना, सायकलवरून पडताना, शाळेच्या नळाशी धक्काबुक्कीत आधी आपटतात ते हेच दात. तुटलेल्या दाताला रूट कॅनाल आणि कॅप करायची, तर खासगी दवाखान्यात १०,००० ते २०,००० रुपये जातात आणि ती कॅप आयुष्यभर टिकत नाही. ओठ मिटत नाहीत म्हणून वरची हिरडी कोरडी पडून सुजते, ते वेगळंच.

दुसऱ्या प्रकारात वरचे मधले दात आत कललेले असतात आणि खालच्या दातांना जवळजवळ पूर्ण झाकतात. समोरून बघणाऱ्याला दात बरे दिसतात, म्हणून पालक निर्धास्त राहतात. आत मात्र खालचे दात टाळूवर किंवा वरच्या हिरडीच्या मागे टोचत असतात, जखम होते, वरच्या दातांची मागची बाजू घासत जाते. पन्नाशीत पुढचे दात झिजून आखूड झालेले दिसतात, त्यातले कित्येक याच वळणाचे असतात. मुलाला मागच्या दाढा आवळून चावायला सांगा. समोरून खालचे दात अजिबात दिसत नसतील, तर दाखवून या.

क्लास थ्रीमध्ये खालचा जबडा पुढे असतो किंवा वरचा मागे राहिलेला असतो. दात टोकाला टोक लावून बसतात किंवा उलटे, म्हणजे खालचे वरच्यांच्या पुढे बसतात. टोकं झिजतात, खालच्या दातांची हिरडी उतरते. यात आनुवंशिकता बरीच असते. आजोबांची, काकांची हनुवटी तशी असेल, तर मुलाकडे लवकर लक्ष द्यायला हवं.

उरलेले दोष या तिन्हींपैकी कशातही असू शकतात. मागच्या दाढांचा उलटा चावा असेल, तर मूल सोयीसाठी जबडा एका बाजूला सरकवून चावायला शिकतं. वाढत्या वयात तसंच चालू राहिलं, तर चेहरा एका बाजूला झुकतो. समोर उघडा चावा, म्हणजे मागच्या दाढा मिटूनही पुढे फट राहणं, हे बहुधा अंगठा चोखण्याने किंवा गिळताना जीभ पुढे ढकलण्याने होतं. पोळीचा तुकडा समोरच्या दातांनी तोडता येत नाही, ‘स’ म्हणताना जीभ बाहेर येते. अंगठ्याची सवय चौथ्या वर्षापर्यंत आपोआप सुटली, तर बहुतेक मुलांच्या दातांवर कायमचा परिणाम राहत नाही.

कशावर पैसे घालवायचे नाहीत

एखादा दात थोडा वळलेला आहे, साफ राहतो, चावा ठीक बसतो आणि मुलाला त्याचं काही वाटत नाही, तर तार लावायलाच हवी असं नाही. चांगला ऑर्थोडॉन्टिस्ट, म्हणजे दात सरळ करणारा तज्ज्ञ, हे स्वतःहून सांगतो.

आठ ते अकरा वर्षांच्या मुलाच्या वरच्या दोन मधल्या दातांमध्ये फट दिसते आणि दात बाहेरच्या बाजूला पसरलेले वाटतात. घरचे घाबरतात. हाडात वर असलेले सुळे शेजारच्या मुळांवर दाब देतात म्हणून हे होतं, आणि सुळे खाली उतरले की बहुतेक मुलांची फट आपोआप मिटते. या वयात केवळ ती फट बुजवण्यासाठी तार लावण्याची घाई करू नका. सुळे येऊनही फट राहिली, तर ओठाखालचा जाड पडदा कारणीभूत आहे का, हे तेव्हा बघता येतं.

अक्कलदाढा पुढचे दात ढकलून वाकडे करतात, हा समज इतका पक्का आहे की लोक त्या शस्त्रक्रिया करून काढून घेतात. एकेका दाढेला ४,००० ते १०,००० रुपये लागतात. अभ्यासांमध्ये या समजाला आधार मिळालेला नाही. दाढ दुखत असेल, किडली असेल, तिच्याभोवती पुन्हा पुन्हा सूज येत असेल, तर जरूर काढा. पुढचे दात वाकडे होऊ नयेत एवढ्यासाठी काढू नका. तसंच, जबड्याचा सांधा दुखतो म्हणून तार लावा असं कोणी सांगितलं, तर दुसरं मत घ्या. दात सरळ केल्याने सांधेदुखी हमखास जाते, असं ठामपणे म्हणता येत नाही.

वय चुकलं की बिल बदलतं

अमेरिकेतल्या ऑर्थोडॉन्टिस्टांच्या संघटनेची शिफारस आहे की पहिली तपासणी सातव्या वर्षापर्यंत व्हावी. आपल्याकडे हे मनावर घेतलं जात नाही. ‘सगळे दुधाचे दात पडू देत, मग बघू’ हे वाक्य जवळजवळ प्रत्येक घरात ऐकू येतं, आणि महागडी बिलं बऱ्याचदा याच वाक्यातून निघतात. तपासणीचे ३०० ते १,००० रुपये लागतात. बहुतेक मुलांना तेव्हा काहीच करावं लागत नाही, पण ज्यांना लागतं त्यांचे नंतरचे लाख वाचतात.

सर्वांत स्वस्त उपाय दुधाच्या दाढेचा आहे. ती किडली तर ‘पडणारच आहे’ म्हणून सोडू नका. तिच्यात सिमेंट भरायला ८०० ते १,५०० रुपये लागतात. काढावीच लागली, तर त्या जागी स्पेस मेंटेनर बसवून घ्या, म्हणजे मागची दाढ पुढे सरकत नाही. त्याचे २,५०० ते ५,०००. हे केलं नाही, तर चार-पाच वर्षांनी तीच जागा परत मिळवायला पूर्ण तार लावावी लागते.

मागच्या दाढांचा उलटा चावा असेल, तर वाढत्या वयात टाळू रुंद करणारं उपकरण लावतात. खर्च ८,००० ते २०,०००. वरचा जबडा मागे असलेल्या क्लास थ्रीसाठी चेहऱ्यावर बाहेरून लावायचा फेसमास्क असतो, साधारण १५,००० ते २५,००० रुपयांचा. आठव्या-नवव्या वर्षाच्या आत त्याचा उपयोग सर्वांत चांगला होतो. मागे राहिलेल्या खालच्या जबड्यासाठी ट्विन ब्लॉकसारखं काढता-घालता येणारं उपकरण देतात. ते स्कॉटलंडच्या विल्यम क्लार्क यांनी १९७७ मध्ये तयार केलं. आपल्याकडे त्याला १२,००० ते २५,००० रुपये पडतात. ते उंची झपाट्याने वाढण्याच्या काळात, मुलींना साधारण दहा ते बारा आणि मुलांना बारा ते चौदा या वयात लावलेलं उत्तम.

इथे एक गोष्ट पालकांनी नेमकी विचारायला हवी. दात पुढे असलेल्या आठ-नऊ वर्षांच्या मुलासाठी ‘आत्ता एक टप्पा, मग तेराव्या वर्षी दुसरा’ असा दुहेरी उपचार सुचवला गेला, तर एकच टप्पा वाढीच्या वयात केला तर काय फरक पडेल, हे विचारा. आजवरच्या अभ्यासांत शेवटी दातांची ठेवण दोन्ही वाटांनी जवळजवळ सारखीच आली आहे. लवकर सुरू करण्याचा ठळक फायदा एवढाच, की मधल्या काळात पडून दात तुटण्याचा धोका कमी होतो. मूल फार धडपडं असेल, दात खूपच पुढे असतील किंवा वर्गातल्या चिडवण्याने ते खचत असेल, तर दोन टप्प्यांचा खर्च सार्थकी लागतो. एरवी थांबलेलं चालतं.

हाडांची वाढ संपली, की ही उपकरणं जबड्याची लांबी बदलू शकत नाहीत. मग दोनच रस्ते राहतात. काही दात काढून आणि सरकवून हाडातला दोष झाकायचा, किंवा जबड्याची शस्त्रक्रिया करायची. शस्त्रक्रियेसाठी मुलींनी साधारण सतरा-अठरा आणि मुलांनी अठरा ते एकवीसपर्यंत थांबावं लागतं, आधी-नंतर तार लागतेच, आणि खासगी रुग्णालयात फक्त शस्त्रक्रियेचा खर्च २ ते ५ लाखांवर जातो.

तारेचे दर आणि तारेबाहेरचे

मुंबई, पुणे, नाशिक, नागपूर इथल्या खासगी दवाखान्यांत साध्या धातूच्या ब्रेसेसना, म्हणजे तारेला, दोन्ही जबडे मिळून साधारण ३०,००० ते ५५,००० रुपये घेतात. तालुक्याच्या गावी हे २५,००० पर्यंतही उतरतं. दातांच्या रंगाच्या सिरॅमिक ब्रेसेस ४५,००० ते ७५,००० च्या घरात. त्या कमी दिसतात, पण ब्रॅकेट ठिसूळ असतात, खोल चावा असलेल्यांचे जास्त तुटतात. ब्रॅकेट स्वतःच तार धरून ठेवतात अशा सेल्फ-लायगेटिंग ब्रेसेस ६०,००० ते १ लाख. त्यांनी उपचार निम्म्या वेळात संपतो असं कोणी सांगितलं, तर त्यासाठी जास्तीचे पैसे मोजू नका. दात हाडातून महिन्याला साधारण १ मिलिमीटरच सरकतो आणि ब्रॅकेट बदलल्याने शरीराचा हा वेग फारसा बदलत नाही. दातांच्या आतल्या बाजूने लावायच्या ब्रेसेस दीड लाखापासून पुढे जातात.

दातांवर काढता-घालता येणाऱ्या पारदर्शक अलाइनरना ६०,००० पासून ३ लाखांपर्यंत सांगतात. इनव्हिजलाइनसारख्या परदेशी ब्रँडला जास्त, देशी कंपन्यांना कमी. सौम्य दाटी, फटी, लहानपणी तार लावूनही पुन्हा सरकलेले दात, यांसाठी अलाइनर खरोखर चांगले आहेत. पण दिवसातले २० ते २२ तास ते तोंडात राहायला हवेत. डबा उघडला की काढून रुमालात ठेवणाऱ्या मुलाला ते देऊ नयेत. दात काढून मोठी जागा बंद करायची असेल, तर अजूनही ब्रेसेसवर भर द्यावा. डॉक्टरांना प्रत्यक्ष न भेटता घरी साचा घेऊन कुरियरने अलाइनर मागवू नका. अमेरिकेत स्माइल डायरेक्ट क्लब ही या पद्धतीची मोठी कंपनी डिसेंबर २०२३ मध्ये अचानक बंद झाली आणि उपचार अर्धवट असलेल्या ग्राहकांना वाऱ्यावर सोडून गेली. शिवाय एक्स-रे न काढता दात सरकवले, तर हाडाचा आजार असलेला दात हलू लागतो.

आता तारेबाहेरचे आकडे. पुण्यातल्या एका तेरा वर्षांच्या मुलाचा हिशेब मांडून बघू. दाटी बरीच आहे, चार उपदाढा काढाव्या लागणार. दोन प्रकारचे एक्स-रे, फोटो आणि साचे मिळून २,५००. दात साफ करणं १,२००. चार दात काढायचे ८०० प्रमाणे ३,२००. ब्रेसेस ३८,०००. मधल्या काळात तीन ब्रॅकेट निघाले, प्रत्येकी ३०० धरून ९००. शेवटी सरळ झालेले दात जागेवर धरून ठेवणारे वर-खाली दोन रिटेनर ६,०००. एकूण ५१,८००. दवाखान्यात ऐकलेला आकडा ३८,००० होता. यात लबाडी नसते, पण विचारलं नाही तर हे कोणी बोलून दाखवत नाही. काही रुग्णांना हाडात बसवायचे छोटे स्क्रू लागतात, एकाचे ३,००० ते ६,०००. काही दवाखाने सगळं एकाच रकमेत धरतात, त्यामुळे त्यांचा सुरुवातीचा आकडा मोठा वाटतो आणि शेवटचा लहान निघतो.

म्हणून कागदावर लिहून मागा: निदान काय, दात काढायचे का आणि कोणते, अंदाजे किती महिने, एकूण रकमेत काय धरलंय, काय नाही, ब्रॅकेट निघाला तर किती, उपचार लांबला तर जास्तीचे पैसे आहेत का. साधारण दीड ते दोन वर्षं लागतात. पैसेही त्याच बेताने द्या. सुरुवातीला तिसरा हिस्सा किंवा थोडा जास्त, बाकी महिन्याच्या भेटींबरोबर. सवलतीच्या मोहाने सगळी रक्कम पहिल्याच दिवशी देऊन टाकली, की मध्ये बदली झाली किंवा डॉक्टर बदलावे लागले तर ती परत मिळवणं अवघड जातं.

उपचार कोण करणार, हाही खर्चाचाच प्रश्न आहे. बीडीएसनंतर तीन वर्षांचं एमडीएस ऑर्थोडॉन्टिक्समध्ये केलेले ते ऑर्थोडॉन्टिस्ट. पुष्कळ दवाखान्यांत ते महिन्यातून एक-दोनदा बाहेरून येतात. ही पद्धत वाईट नाही, पण त्यांचं नाव आणि महाराष्ट्र राज्य दंत परिषदेतला नोंदणी क्रमांक विचारून घ्या, आणि मधल्या दिवसांत तार टोचायला लागली तर कोण बघणार, तेही.

पैसे कमी असतील तर

मुंबईत सीएसएमटीजवळचं शासकीय दंत महाविद्यालय, मुंबई सेंट्रलला महापालिकेचं नायर दंत महाविद्यालय, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर इथली शासकीय दंत महाविद्यालयं, गोव्यात बांबोळीचं गोवा दंत महाविद्यालय: या ठिकाणी तार खासगीच्या तुलनेत बऱ्याच कमी पैशांत लागते. राज्यातल्या अनेक खासगी दंत महाविद्यालयांतही दर दवाखान्यांपेक्षा कमी असतात. उपचार एमडीएस करणारे विद्यार्थी डॉक्टर करतात आणि प्राध्यापक प्रत्येक टप्प्यावर तपासतात. निदान तर इथे बऱ्याच दवाखान्यांपेक्षा जास्त बारकाईने होतं, कारण प्रत्येक केस मांडून दाखवावी लागते. किंमत मोजायची ती वेळेची. नाव नोंदवून वाट बघावी लागते, ओपीडी सकाळची, दर महिन्याला शाळा आणि एका पालकाचा रोज बुडतो. एक प्रश्न इथे नक्की विचारा: आमचे डॉक्टर कितव्या वर्षाला आहेत? एमडीएस तीन वर्षांचं. तिसऱ्या वर्षाच्या विद्यार्थ्याकडे तार सुरू झाली, तर मध्येच केस पुढच्या विद्यार्थ्याकडे जाते आणि काही महिने लांबते. पहिल्या वर्षाच्या शेवटी किंवा दुसऱ्याच्या सुरुवातीला असलेला डॉक्टर मिळाला, तर बहुधा तोच ती पूर्ण करतो.

साधारण मेडिक्लेममध्ये दातांचे उपचार अपघात सोडून धरत नाहीत, त्यामुळे तारेचे पैसे मिळतील असं समजू नका. जबड्याच्या शस्त्रक्रियेसाठी रुग्णालयात दाखल व्हावं लागणार असेल, तर विमा कंपनीकडून आधीच लेखी उत्तर घ्या.

काही बिनसलंच, तर पैसे घेऊन दिलेली वैद्यकीय सेवा ग्राहक कायद्यात येते, हे सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्ये स्पष्ट केलं आहे. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५. तिथे किंवा जिल्हा आयोगापुढे उभं राहायचं तर कागद लागतात. म्हणून पावत्या, सुरुवातीचे फोटो, एक्स-रे आणि तो लिहून घेतलेला अंदाज तार निघाल्यावरही काही वर्षं जपा. गाव बदललं तर पुढच्या डॉक्टरांनाही हेच लागतात.

तार निघाल्यावर रिटेनरमध्ये हयगय करू नका. सुरुवातीचे किमान सहा महिने तो दिवसभर लावायचा, पुढे रात्री, आणि जितकी वर्षं दात सरळ हवेत तितकी वर्षं. रिटेनर हरवला किंवा घट्ट बसायला लागला, तर दुसऱ्याच दिवशी फोन करा. नवा २,००० ते ३,५०० रुपयांत होतो. दोन-तीन महिने गेले, तर तो त्या दातांवर बसतच नाही आणि पुन्हा तार किंवा अलाइनर लावायचे ३०,००० च्या वर लागतात. तार काढण्याच्या दिवशीच दातांचा साचा किंवा स्कॅन दवाखान्याने जपून ठेवावा असं सांगा. मुलगी शिकायला परगावी गेली आणि रिटेनर हरवला, तर त्यावरून नवा करून पाठवता येतो.